चष्म्यातला रस्ता

आमच्या शाळेतल्या मुलांना रस्ता ओलांडायला शिकवायचं ठरलं, तेव्हा गाव आणि शाळा यांच्यामधून चौपदरी हायवे जाऊन चार वर्षं झाली होती. त्याआधीही तिथं रस्ता होताच, पण तो घरातला असल्यासारखा होता. मधोमध म्हैस बसली की एसटी थांबायची, ड्रायव्हर उतरून म्हशीच्या मालकाला शिव्या घालायचा आणि मालक टपरीवरूनच "आलो, आलो" म्हणून चहा संपवायचा. मग विकास झाला. गाव अलीकडे राहिलं, शाळा पलीकडे राहिली आणि मधून चौसाळ्याकडच्या गाड्या अशा जायला लागल्या की गावाचं नाव वाचायलाही कुणाला सवड मिळू नये. डिव्हायडरचे दोन ठोकळे गावकऱ्यांनी पहारीनं सरकवले. त्या फटीतून आमची शाळा भरते आणि त्याच फटीतून सुटते.

मी तिसरी-चौथीची बाई. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे शाळेचे सगळे अर्ज माझ्या वाट्याला येतात. भुयारी मार्ग हवा, असा अर्ज मी दोन वर्षांत सात वेळा लिहिला. दर वेळी "महोदय" आणि "सबब विनंती" यांच्यामध्ये तोच मजकूर: लहान मुलं आहेत, गाड्या थांबत नाहीत, काही व्हायच्या आत करा. पाचव्या अर्जानंतर खरंच दोन माणसं टेप घेऊन आली. त्यांनी मोजलं, फक्कीनं पांढऱ्या रेघा मारल्या, दोनदा चहा घेतला आणि "होऊन जाईल बाई" म्हणून गेली. त्या रेघांवर माझा एवढा विश्वास बसला की मुलांना मी त्या पुसू देत नव्हते. आपला बोगदा इथून जाणार, असं मी त्यांना दाखवायची. पाऊस पडल्यावर रेघा गेल्या, तरी मी दाखवायची.

सातव्या अर्जानंतर बोगद्याऐवजी चष्मा आला.

आता बोगद्याला खणावं लागतं आणि चष्मा कुरियरनं येतो, हे समजण्याइतकी अक्कल मला नोकरीनं दिली आहे. चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचं एक काळं खोकं. ते घातलं की समोर खोटा रस्ता दिसतो, खोट्या गाड्या येतात, आणि मुलांनी आपण खऱ्याच रस्त्यावर आहोत असं समजून तो ओलांडायचा. सोबत पुण्याहून एक तरुण आला होता. सुरकुती न पडणारा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, "मॅडम, यात मुलं चुका करू शकतात आणि त्यांना काहीही होत नाही. सेफ एन्व्हायर्न्मेंट." मी म्हटलं, आमच्या रस्त्यावर नेमकं उलटं आहे, तेवढं कुठंतरी लिहून ठेवा. तो हसला, पण लिहून घेतलं नाही.

खोकी पाच आली होती. त्यातलं एक चालू होतं. बाकीच्या चारांना आधी इंटरनेट हवं होतं, आणि आमच्या शाळेत इंटरनेट म्हणजे हेडसरांनी हात वर करून पाण्याच्या टाकीवर उभं राहायचं. महिना डिसेंबरचा. शिरूर कासारकडून इकडे येऊन राहिलेली आणि गावातली मिळून निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. ज्यांची दिवसभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांशी गाठ, नेमकी तीच मुलं प्रशिक्षणाला नव्हती. त्यांच्या नावापुढे "स्थलांतरित" लिहिलं की ती शंभर टक्क्यांच्या हिशेबाबाहेर जातात, अशी सोय कागदावर होतीच.

मुलांना देण्याआधी मीही तो चष्मा घालून पाहिला. काय तो रस्ता! दोन्ही बाजूंना झाडं, फुटपाथवर एक बाई कुत्र्याला घेऊन निघालेली, खाली स्वच्छ पांढरे पट्टे. एक लाल मोटार आली आणि मला पाहून हळू झाली. एवढी वर्षं आमच्या रस्त्यावर उभी राहते, माझ्यासाठी कधी सीट भरत फिरणारी वडापची जीपही धड थांबलेली नाही. मला खरोखर भरून आलं. मी हात जोडले तर हेडसर मागून म्हणाले, "मॅडम, भिंत आहे पुढं."

खऱ्या रस्त्याची आमची रीत वेगळी होती आणि ती कुणी शिकवलेली नव्हती. गावाच्या टोकाला एक मेंढपाळाचं घर आहे. पोरगा आणि सून मोठा कळप घेऊन लांब चराईला जातात, घरी म्हातारा, नात आणि पन्नासेक मेंढरं राहतात. म्हातारा रोज सकाळी दहाच्या सुमाराला मेंढरं पलीकडच्या माळावर न्यायचा. आधी कडेला उभा राहून दोन्हीकडचा कानोसा घ्यायचा, मग काठी आडवी धरून रस्त्यात उतरायचा. एकट्या पोरासाठी ट्रक थांबत नाही, पण मेंढरांत गाडी घातली तर दुपारपर्यंत निघता येत नाही, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. गाड्या थांबल्या की मेंढरं जायची आणि मेंढरांच्या मागून दप्तरं. आमच्या शाळेची पहिली घंटा म्हणजे खरं तर ती मेंढरं. ती उशिरा आली की परिपाठ उशिरा व्हायचा.

त्या म्हाताऱ्याची नात माझ्या तिसरीच्या वर्गात होती. कळपाच्या मागच्या टोकाला तीच असायची. हात पसरून मागची मेंढरं आणि पुढं घुसणारी पहिलीची पोरं, दोन्ही अडवायची, आणि आज्यानं हाळी दिल्याशिवाय एकालाही सोडायची नाही. नऊ वर्षांची पोर, पण रस्त्यावर तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं.

चष्मा घालण्यात तिचा नंबर पाचवा आला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, डोकं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवलं आणि दोन्ही हात मागे पसरले. बाकीची पोरं हसायला लागली.

"चल ना," पुण्याचा तरुण म्हणाला. "रस्ता मोकळा आहे."

"आवाज येत न्हाई," ती म्हणाली.

"आवाजाचं जरा बिघडलंय. तू नुसतं बघून चल."

"आवाज आल्याबिगर कसं चालू? वळणाच्या पल्याड काय हाय ते कसं कळंल?"

तिथं वळणच नाही, असं त्यानं तिला समजावलं. ती हलली नाही. शेवटी वेळ संपली, खोकं वाजलं आणि सोबत आलेल्या छोट्या पडद्यावर तिच्या नावापुढं भलं मोठं शून्य आलं. तिच्यानंतरचा एक पोरगा, जो खऱ्या रस्त्यावर चपलेसाठी मधूनच परत पळतो, त्याला सत्तर पडले.

तरुण दोन दिवस राहून, फोटो काढून गेला. चष्मा आमच्याकडे राहिला, आणि पाठोपाठ केंद्रप्रमुखांचा निरोप आला: पंधरा दिवसांनी वरून साहेब येणार, प्रत्येक मुलाची चाचणी होणार, आपल्या केंद्रात निदान एक तरी शाळा शंभर टक्के सक्षम निघाली पाहिजे. "बाई, तुमच्याकडून अपेक्षा आहे," ते फोनवर मला म्हणाले. हेडसरांना नाही, मला. हे वाक्य मी घरी जाऊन दोनदा सांगितलं, हेही कबूल करते.

तपासणीची तयारी कशी करतात हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही, आणि आतल्याला सांगायची गरज नाही. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. साहेबांना सगळे हात वर दिसतात आणि बाईंना कुणाला उठवायचं ते कळतं. कोणता धडा विचारायचा हे साहेबांना आपोआप सुचावं म्हणून तोच फळ्यावर लिहून ठेवायचा. या विद्येत मी पारंगत आहे. पण रस्त्याचं काय करायचं, ते मला सुचेना. मग एका दुपारी मी स्वतः चष्मा लावून पाचसहा वेळा तो रस्ता ओलांडला आणि माझी ट्यूब पेटली. गाड्या दर वेळी त्याच यायच्या. आधी लाल मोटार, मग पांढरी व्हॅन, मग बस, मग थोडी मोकळी जागा. दर वेळी तोच क्रम, आणि सगळ्या एकाच बाजूनं, उजवीकडून. म्हणजे हा रस्ता नव्हता, पाढा होता. आणि पाढे पाठ करून घेण्यात आमचा हात जिल्ह्यात कुणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून वऱ्हांड्यात घोकंपट्टी सुरू झाली. चष्मा एकच, पण आता त्याची गरजच काय होती? पोरं रांगेनं उभी राहायची, डोळे मिटायची आणि सूर धरायची: "लाल, पांढरी, बस, चल!" तोंडानं म्हटलं तर साहेबांना ऐकू जाईल म्हणून मी बोटांवर घ्यायला लावलं. लाल गेली की एक बोट मिटायचं, पांढरी गेली की दुसरं, बस गेली की तिसरं, आणि तिसरं मिटलं की पाऊल टाकायचं. चार दिवसांत पहिलीची पोरंसुद्धा झोपेत रस्ता ओलांडतील इतकी तयार झाली. हेडसर चहा पीत बघायचे आणि म्हणायचे, "वा मॅडम, वा."

म्हाताऱ्याची नात एकटी मात्र अडून बसली. तिची बोटं मिटायची, पण पाऊल टाकायच्या आधी मान डावीकडे वळायचीच. त्यात वेळ जायचा आणि गुण कापले जायचे.

"डावीकडे काय बघतेस?" मी तिला विचारलं.

"बाई, तिकडून कोन आलं तर?"

"तिकडून कुणी येत नाही."

"कावून?"

"चष्म्यात येत नाही."

"पर रस्त्यावर लई येत्यात. दूधवाला रोज येतो उलटा."

"तू आधी चष्म्यातलं नीट कर," मी म्हटलं. "रस्त्यावरचं नंतर बघू."

मी तिला तीन दिवस शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. वळली मान की "पुन्हा", वळली की "पुन्हा". आवाज चढवला, एकदा डोक्यात टपलीही मारली. मुळात आज्ञाधारक पोर. तिसऱ्या दिवशी तिची मान सरळ राहिली. मी तिला पेढा दिला.

तपासणीचं काय सांगावं! साहेब दीड तास होते. एकेक पोर यायचं, चष्मा चढवायचं, बाजूला धरलेल्या हाताची तीन बोटं मिटायचं आणि चार पावलं टाकून शंभर गुण घेऊन जायचं. साहेबांना वाटलं, सरकारी शाळेत काहीतरी दैवी घडतंय. "यांची एकाग्रता बघा, हातसुद्धा कसे घट्ट आवळतात," ते केंद्रप्रमुखांना म्हणाले. म्हाताऱ्याच्या नातीला शंभर पडले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. जाताना शाल, नारळ, आणि फाटकावर लावायला एक पाटी: "रस्ता सुरक्षा – शंभर टक्के सक्षम शाळा." फोटो काढताना फाटकासमोरून माळावरची मेंढरं घरी निघाली होती, ती फोटोत आली. केंद्रप्रमुख हेडसरांना बाजूला घेऊन म्हणाले की प्रशिक्षित विद्यार्थी मेंढरांमागून शाळेत येतात हे बरं दिसत नाही. हेडसरांनी ते मला सांगितलं आणि मी परिपाठाला मुलांना सांगितलं: आता तुम्ही शिकलेली आहात, आपापलं यायचं. म्हाताऱ्यालाही निरोप धाडला, की मेंढरं शाळा भरल्यावर न्यावीत. तो "बरं" म्हणाला.

महिन्याभरानं रस्त्याच्या ऑफिसातून पत्र आलं. सात अर्जांना मिळालेलं पहिलं लेखी उत्तर. मी हौसेनं पाकीट फाडलं. सदर शाळेचे विद्यार्थी रस्ता ओलांडण्यास शंभर टक्के सक्षम असल्याचे अहवालावरून निदर्शनास आले असून तूर्त भुयारी मार्गाची आवश्यकता दिसून येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. अहवालाची प्रत जोडली होती. अहवालावर वर्गशिक्षिका म्हणून सही माझी होती, आणि अक्षर चांगलं असल्यामुळे ती स्पष्ट वाचता येत होती.

मी पत्र हेडसरांना दाखवलं. ते म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी. एवढ्यात काही बोलायला नको, पाटी ताजी आहे." मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. पत्र कपाटात ठेवून मी तास घ्यायला गेले. तेव्हाच, त्याच दिवशी, सगळी पोरं गोळा करून सांगायला हवं होतं की मी शिकवलेलं विसरा. मी सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं, असा विचार केला, आणि आठवडा गेला.

त्यानंतर एका सकाळी मी फाटकाशी उभी होते. पलीकडे, गावाच्या बाजूला, म्हाताऱ्याची नात एकटीच कडेला आली. दप्तर पाठीवर, एक हात मोकळा. एक लाल मोटार गेली, आणि मला दिसलं की तिनं बोट मिटलं. मग पांढरी जीप गेली. मी ओरडले, पण जीपमागून एसटी येत होती आणि तिच्या आवाजात माझा आवाज कुणाला जाणार! एसटी गेली. तिनं तिसरं बोट मिटलं आणि मान सरळ ठेवून, डावीकडे न बघता, मी पेढा देऊन शिकवलं होतं अगदी तसंच पाऊल टाकलं.

डावीकडून दूधवाला उलटा आला. डिव्हायडरमधला गाडी वळवायचा कट दोन किलोमीटरवर, म्हणून तो रोजच कडेकडेनं उलटा यायचा. त्यानं हँडल वळवलं, गाडी आडवी झाली, कॅन उलटले. तिला धक्का बसला आणि ती दुधात पडली. मी कशी पलीकडे गेले, मला आठवत नाही. मीही कुठलीच बाजू बघितली नसणार.

तिचा हात मोडला होता. तेवढ्यावर निभावलं. दवाखान्यात प्लॅस्टर घालेपर्यंत ती रडली नाही. मी शेजारी बसले होते, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी बराबर केलतं. बस गेल्यावरच चालले." तिला वाटत होतं, मी रागावणार. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्या वेळी मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारा शाळेत आला. मी मनाची तयारी करून ठेवली होती; त्यानं काठी उगारली असती तरी मी हलले नसते. पण तो वर्गाच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला.

"बाबा, आत या," मी म्हटलं.

"न्हाई, हितंच बरं." मग म्हणाला, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. राग मानू नका. पर पोरीला आदी येत व्हतं."

एवढंच बोलून तो गेला. वर्गात पोरं बसली होती, सगळ्यांनी ऐकलं. मी त्यांना वाचन करायला सांगून ऑफिसात आले, कोरा कागद घेतला आणि आठवा अर्ज लिहायला बसले. महोदय, आमच्या शाळेतील विद्यार्थी शंभर टक्के सक्षम असल्याचा जो अहवाल आपणांस मिळाला आहे तो खोटा आहे. चष्म्यातील गाड्यांचा क्रम मी मुलांकडून पाठ करून घेतला. आमच्या मुलांना रस्ता ओलांडता येत नाही. काही जणांना येत होता, तो मी शिकवल्यामुळे आता येत नाही. सबब भुयारी मार्गाचा अर्ज पुन्हा विचारात घ्यावा.

हेडसरांनी तो दोनदा वाचला. मग दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, चौकशी लागेल. रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत तुमची." त्यांनी स्वतःचं पेन काढून माझ्यापुढं ठेवलं. "बरं, पाठवायचाच असेल तर पाठवा. पण 'मी शिकवल्यामुळे' एवढं तरी खोडा."

मी ते खोडलं नाही. खाली सही केली, आणि आमच्या शिपायाबरोबर न धाडता पोस्टात स्वतः टाकून आले.